गावाले बंडी येते का?

फाटा

आमच्या गावाले यायचं असलं तर आधी फाट्यावर उतरा लागते. फाटा म्हंजे डांबरी सडकेच्या कडंचं एक बाभळीचं झाड, बाकी काई नाई. गावाच्या नावाची पाटी होती, ती वाऱ्यानं पडली. मंग कोनीतरी नेली. कोंबड्याच्या खुराड्याले चांगली होते म्हनतेत ती. फाट्यापासून आत पायदळ. मदात नाला, नाल्यावर रपटा. रपटा म्हंजे पूल नोय, पान्याच्या बुडी जानारा रस्ता. औंदाच्या पावसात त्याचा अर्धा तुकडा पैनगंगेकडं निघून गेला. तवापासून ऑटोवाले बी आत येत नाईत.

एका वर्सी बस सुरू झाली होती. हळद-कुंकू, नारळ, सगळं झालं. दोन-चार महिने आली, मंग बंद. डायवर म्हने, चार मानसासाठी एवढी मोठी गाडी फिरवू का? गावातले म्हने, बसचा भरवसा नाई, आमी आदिलाबादले खोली करतो. मंग चारचे दोन झाले. मानसं नाईत म्हून बस नाई, आन बस नाई म्हून मानसं नाईत. यात पयले कोन चुकलं ते देवाले ठाव. आता निम्म्या घराले कुलपं हायेत. शाळेत पोरंच नाई उरले, तिलेबी कुलूप.

माह्या घरात दोनच मानसं. मी आन माहा नातू नितेश. त्याची माय तो लहान असतानाच गेली. बाप हैद्राबादले कामाले गेला, तिकडंच दुसरं घर केलं. नितेश म्याच वाढवला. वावर करते, मोटरा दुरुस्त करते, दारू नाई, तंबाखू नाई. पन लगन जमत नाई. तीन ठिकानचे पाहुने येऊन गेले. पोरगा पाहून खूश, वावर पाहून खूश, जाताना रपट्यात पाय भिजले का म्हनतेत, "विचार करून कळवतो." कळवतो म्हंजे नाई. हे समजाले शाळा शिका लागत नाई.

चवथं ठिकान निघालं नार्नूरकडचं. आमच्या गावचा जावई उत्तम उटनूरले राहते, त्यानं काढलं. पोरीचे वडील मास्तर, पोरगी सरकारी दवाखान्यात नर्स. उत्तमचा फोन आला.

"मावशी, गुरुजी विचारून राह्यले, तुमच्या गावाले बंडी येते-जाते का?"

म्या म्हनलं, "येते म्हंजे? बारा महिने येते. चिखलात बी येते."

"मंग काई अडचन नाई," उत्तम म्हने. "या तुमी पोरगी पाहाले."

नितेश म्हने, मी आता नाई येत, पयले तुमी पाहून या. म्हून मी आन माही लहान जाऊ शांता, आमी दोघी निघालो. सोयाबीन निघालं होतं, कापूस फुटाले टेकला होता, मदी दोन दिवस मोकळे होते.

आदिलाबाद

आमच्याकडं बायांले बसात तिकीट लागत नाई. म्हंजे तिकीट देतेत, पन त्याच्यावर झीरो असते. पयल्यांदा म्या कंडक्टरले म्हनलं होतं, "काऊन रे बापू, आमची किंमत झीरो का?" तो म्हने, "मावशी, किंमत सरकार भरते, तू खिडकीपाशी बस." त्याच्यासाठी आधार कार्ड दाखवा लागते, बस.

आमच्या जवळच्या जैनथहून आदिलाबादपर्यंत ऑटोत आलो. ऑटोत तीन मानसाच्या जागी नऊ जन असतेत, त्याचं वर्नन काय करू, तुमी बी बसले असान. आदिलाबादच्या स्टँडवर उटनूरची बस लागली होती. कंडक्टर बाई होती, तेलुगू बोलनारी, तरनीताठी, कानात डूल.

"अव्वा, आधार?"

म्या दाखवलं. झीरोचं तिकीट मिळालं. शांतानं पिशवी उलटीपालटी करून, लुगड्याच्या पदराची गाठ सोडून कार्ड काढलं. बाईनं पाह्यलं, शांताकडं पाह्यलं, पुन्ना कार्डाकडं पाह्यलं. मंग हसाले लागली.

"इदी मगायन कार्डू!"

मांगच्या सीटवरचा एक गडी म्हने, "मावशी, हे बाप्याचं कार्ड हाय. फोटोत मिश्या हायेत."

शांतानं येताना माह्या मेलेल्या देराचं, म्हंजे तिच्या नवऱ्याचं कार्ड उचलून आनलं होतं. घरी दोन्ही कार्डं तिनं एकाच पिलास्टिकात ठेवले होते, आन वाचता तर तिले येत नाई.

"मिश्या असल्या म्हून काय झालं?" शांता म्हने. "तो गेला. त्याच्या वाट्याचं फिरनं मीच फिरून राह्यली."

बस सगळी हसली. पन कंडक्टर बाईनं पैशाचं तिकीट फाडलंच. शांता उटनूरपर्यंत बडबडत होती, "जित्ता होता तवा बी माह्याच पैशानं फिरे. मेल्यावर बी तेच."

उटनूरच्या रस्त्यानं

गुडीहतनूर मांगं पडलं, इंद्रवेल्लीकडं गाडी वळली, का रस्ता वेगळाच होते. आमच्याकडं पैनगंगेकाठी जमीन काळी, सपाट. नजर टाकली का थेट विदर्भ दिसते. तिकडं डोंगर. सागाचं जंगल. पानं एवढी मोठी का एकात जेवून घ्या. गोंडाच्या बाया रस्त्याकडंला सीताफळाचे ढीग घेऊन बसल्या होत्या. आमच्याकडं सीताफळ मोजून देतेत, तिकडं टोपलंच उचलून देतेत. बस थांबली तशी शांतानं खिडकीतून टोपलंभर घेतले, पिशवीत कोंबले, पिशवी सीटवर ठेवली. घाटात गाडीनं वळन घेतलं आन शांता तोल जाऊन त्याच पिशवीवर बसली.

"बाई," ती हळूच म्हने, "खालून ओलं लागून राह्यलं."

"सीताफळ हाय का तू?" म्या म्हनलं.

उटनूरच्या नळावर तिनं लुगडं धुतलं. ओल्याच लुगड्यानं उत्तमच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं ज्वारीची भाकर आन अंबाडीची भाजी केली होती. भाजी आमच्यासारखीच, पन वरून चिंचेचं पातळ चारू वाढलं. भाकरीवर चारू घेतलं का भाकर पोहते. शांतानं भाकर खाल्ली आन चारू ग्लासानं पेलं. रातच्याले तिथंच राह्यलो.

नार्नूर

दुसऱ्या दिवशी उत्तमले कामावर जा लागलं. त्यानं आमाले नार्नूरच्या बसात बसवून देलं. गुरुजीचं गाव नार्नूरपासून थोडं आत हाय, पन सडक डांबरी, ऑटो दारापर्यंत. घर पक्कं, सिलॅपाचं. समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं झेंडूचं फूल. गुरुजी उभे राह्यले. "जयभीम मावशी, या, बसा." गुरुजीची माय, माह्याच वयाची बुढी, दिवानवर मांडी घालून बसली होती. ती मले पायापासून डोक्यापर्यंत पाहून राह्यली होती. मी तिले पाहून राह्यली होती. बुढ्या मानसाले एकमेकीचं सगळं समजते: किती पानी वाह्यलं, किती भारे उचलले.

पोरीनं उप्मा आनला. शांता माह्या कानात म्हने, "पोहे नाई? रवा तर आमच्यात आजाऱ्याले देतेत." म्या तिच्या पायावर पाय देला. पोरगी म्हंजे करुना. उंच, सावळी, केसं घट्ट बांधलेले. पाया पडली, ताट ठेवलं, आत गेली. लाजली बी नाई आन डोळे बी नाई वटारले. मले तिथंच आवडली.

गुरुजीनं चश्मा पुसला.

"मावशी, तुमच्या गावाले बंडी येते म्हने उत्तम. ते आमाले मोठं बरं वाटलं. पोरीची ड्यूटी असते, वेळेवर पोचा लागते. किती टाईम येते?"

"दोन टाईम," म्या म्हनलं. "सकाळी जाते, सांजच्याले येते."

"वा! आमच्या इथं एकच ट्रिप हाय. बसाले जागा मिळते?"

"जागेले काय तोटा. तुराट्या भरल्या असल्या तर जराशी अडचन होते."

गुरुजी थांबले. "तुराट्या? बंडीत?"

"मंग डोक्यावर आनू का?"

बुढी मदीच म्हने, "डायवर काई म्हनत नाई?"

"तो काय म्हनंल? डायवर आमचा नितेशच हाय ना."

गुरुजी खुर्चीतून पुढं सरकले. त्यांचं तोंड एकदम उजळलं. "म्हंजे पोरगा डायवर हाय? सरकारी? उत्तमनं सांगितलंच नाई! पर्मनंट का?"

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. तेलुगू शाळेत शिकवनाऱ्या मानसाची बंडी येगळी. तिकडं मोटारसायकल बी बंडी, बस बी बंडी, रेल्वे बी बंडी. आमच्याकडं बंडी एकच. तिले दोन बैल लागतेत.

शांताले बी समजलं असावं, कारन तिनं मले मांगून असा चिमटा घेतला का दोन दिवस निळं राह्यलं. चिमट्याचा अर्थ होता: गप बस बाई, लगन होऊ दे, मंग पाहू.

मनात आलं नाई असं नाई. चवथं ठिकान. पोरगी हिऱ्यावानी. एक हुंकार भरला असता तर तिथंच सुपारी फुटली असती. पन लगनाच्या दिवशी नवरी फाट्यावर उतरली असती, आन तिनं इचारलं असतं, बस कुठं हाय? तवा त्या पोराले तोंड कुठं होतं?

"गुरुजी," म्या म्हनलं, "पर्मनंट हायेत, पन बैल. एक तांबडा, एक पांढरा. तांबडा जरासा मारका हाय."

गुरुजी म्हने, "पन उत्तमनं आमाले बंडी म्हून सांगितलं."

"आमी बी बंडीच म्हनलं. खोटं कोनीच नाई बोललं."

"मंग बस?"

"नाई. ऑटो बी नाई. रपटा फुटला तवापासून फाट्यापर्यंत पायदळ."

आतल्या खोलीतून हसू फुटलं. पोरीचं. दाबलेलं, मंग न दाबलेलं. तिची माय तिले रागावून राह्यली होती. बुढीबी तोंडाले पदर लावून हालत होती. म्हने, "अगं माय, मी तर सीटाबद्दल इचारनार होती."

गुरुजी हसले नाईत. चांगला मानूस, पन बाप हाय. चहा संपला, पान झालं, आन त्यांनी चश्मा पुन्ना पुसला.

"मावशी, तुमी खरं सांगितलं, आमाले आनंद वाटला. आता घरात विचार करून कळवतो."

शांतानं माह्याकडं पाह्यलं. म्या पिशवी उचलली. ऐकाची सवय झालेली असते, तरी दर वक्ती नव्यानं लागते.

स्कूटीवर

करुना बाहेर आली, हातात चाबी. "आजीले मी सोडते स्टँडवर. बाबा, तुमी त्या आजीले घेऊन या."

मी जन्मात स्कूटीवर बसली नोती. एकाच बाजूनं बसली, तिच्या कमरेले धरलं, डोळे मिटले. ती म्हने, "आजी, डोळे उघडा, काई होत नाई." उघडले तर दोन्ही बाजूले कापूस, पांढरा लख्ख, आन आमी मदातून वाऱ्यावानी. खरं सांगते, मजा आली. म्या मनात म्हनलं, नकार भेटला ते भेटला, हे तरी भेटलं.

एका चढावर तिनं गाडी बाजूले घेतली.

"आजी, एक इचारू? पावसाळ्यात तुमच्या गावात बाईले कळा आल्या तर काय करता?"

नर्स हाय, तिनं तेच इचारा लागत होतं. म्या सांगितलं. नितेश बंडीतच झाला. नाल्याले पूर होता, बैल पान्यात पाय टाकेनात, नाल्याच्या अलीकडंच झाला. नाळ म्या कापली. पुढं तो चालाले लागला तवा त्याच्या मायले ताप भरला. पुन्ना तोच नाला, पुन्ना पूर. आमी बंडीत बसून पानी उतरन्याची वाट पाहून राह्यलो. पानी उतरलं. ती नाई थांबली.

करुनानं गाडीच्या आरशावरची धूळ पुसली.

मंग म्हने, "मले हे ठाव हाय, आजी. त्यांनी सांगितलं होतं."

"कोनी?"

"नितेशनं. आमी बोललो फोनवर, दोन-तीनदा. उत्तमकाकानं नंबर देला होता. बंडी बैलाची हाय, हे बी मले पयल्या दिवसापासून ठाव होतं. बाबाले मी बोलली नाई, तुमी येन्याआधीच नाई म्हनले असते ते."

मी तिच्याकडं पाहतच राह्यली. म्हंजे आतून फुटलं ते हसू तवाचं नोतं, लय दिवसाचं साठलं होतं. आन आमचा शहाना म्हने, पयले तुमी पाहून या!

"बाबाले मी समजावीन," ती म्हने. "पन तुमच्या गावातून मले रोजची ड्यूटी जमनार नाई. रातच्याले बोलावनं आलं तर? जैनथले बदली मागता येते. तिथं खोली करायची. मी त्यांले इचारलं, याल का? ते म्हनले, आजीले इचार. तिनं हो म्हनलं तर हो."

कापसावर वारा होता. दूर ऑटोचा भोंगा वाजला. मले सगळं एकदम दिसलं. मी सून आनाले निघाली होती. घरात बांगड्या वाजतील, पाळना टांगू, गावात एक मानूस वाढंल. आन इथं पोरगी म्हनून राह्यली होती, आजी, हाय तोबी द्या.

म्या इचारलं, "तुले मारका बैल चालंल का?"

"काय?"

"नितेश रागात आला का तांबड्यावानी करते. दोन दिवस बोलत नाई."

ती हसली. "मी सुई देते, आजी. चांगले चांगले गप होतेत."

"मंग घेऊन जा," म्या म्हनलं. "जैनथ काई सासर नोय, जवळच हाय."

स्टँडवर ती पाया पडली. आधीचं पडनं पाहुन्यासाठी होतं. हे येगळं होतं, मले कळलं.

परत

बसात बसल्यावर शांताले सांगितलं. ती अशी भडकली का कंडक्टरनं वळून पाह्यलं. या वक्ती बी तिले तिकीटच लागलं होतं, त्याचा बी राग होता.

"बाई, तुह्या डोक्यावर परिनाम झाला का? सून आनाले गेली आन पोरगा देऊन आली! घर रिकामं केलं!"

"रिकामं घर झाडाले सोपं पडते," म्या म्हनलं.

"हसू नको. तुले कोन पाहील?"

"तू हाय ना समोरच्या दारात. दिवसभर तेच करते."

तिनं तोंड फिरवलं. इंद्रवेल्ली गेल्यावर उरलेल्या सीताफळातलं एक बरं पाहून फोडलं, अर्धं माह्या हातावर ठेवलं.

फाट्यावर उतरलो तवा दिवस मावळत होता. नितेश बाभळीखाली उभा होता. माही पिशवी त्यानं घेतली, शांताची बी घेतली. शांता पुढं गेली, मुद्दाम भरभर. रपट्याजवळ आलो. पानी घोट्याएवढंच होतं. त्यानं माहा हात धरला.

"आजी, काय झालं?"

"तुले ठाव हाय काय झालं. फोन काय मले दाखवाले घेतला का?"

अंधार पडत होता तरी त्याचे कान लाल झालेले दिसले.

"मी हो म्हनलं," म्या म्हनलं. "जैनथले खोली पाहा. न्हानीघर चांगलं पाहा, तिले ड्यूटीवरून येऊन आंग धुवा लागंल."

तो पान्यातच थांबला. "आन वावर?"

"सगळं जग गावात राहून बाहेर कामाले जाते. तू बाहेर राहून गावात कामाले ये."

"आन तू? तू बी चाल ना जैनथले. तिनंच सांगितलं, आजीले घेऊन यायचं म्हून."

तिनं सांगितलं, हे ऐकून बरं वाटलं. खोटं काऊन बोलू. पायाखाली पानी थंड होतं.

"मी नाई येत," म्या म्हनलं. "सरकारचे लोकं मानसं मोजाले आले, तर दार उघडाले कोनी पायजे ना. कुलूप पाह्यलं का ते पुढंच जातेत. चाल, माहे पाय गारठले."